पिवळी खूण कोणाची

दादा, ती पिवळी खूण तू केली नव्हतीस. मी केली होती.

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, वहिनीला नाही, तुझ्या मानसीला नाही. तुला तर नाहीच. नऊ वर्षं तोंड मिटून बसलो आणि आता ऐकायला तू नाहीस, तेव्हा कागद घेऊन बसलोय. यात शौर्य काही नाही, ते मला ठाऊक आहे.

परवा तुझं तेरावं झालं. आपल्या गॅरेजवाल्यांच्या मंडळाचा अंक निघतोय, त्यात तुझ्यावर काहीतरी हवं म्हणून मानसी मला म्हणाली, "काका, तुम्हीच लिहा. बाबांच्या हाताखाली तुमच्याइतकं कोण राहिलंय?" मी हो म्हटलं. घरी येऊन 'कै. वसंत परब यांचा जन्म' एवढं लिहिलं आणि थांबलो. तुझा जन्म कुठे झाला, शिक्षण किती झालं, हे लालबागच्या तुमच्या चाळीत कोणीही सांगेल. जे कोणीच सांगू शकत नाही ते माझ्याकडे आहे. म्हणून तेच लिहितो.

कॉटन ग्रीनला तुझ्या गॅरेजात मी पहिल्यांदा आलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो. कापसाच्या जुन्या गोदामाचा एक कोपरा, वर पत्रा, आत तीन गाड्या आणि तू. वरळीच्या बीडीडी चाळीतून चालत आलो होतो, डिप्लोमाचं सर्टिफिकेट प्लास्टिकच्या पिशवीत घालून. तू ते बघितलंही नाहीस. एक नट पुढे केलास आणि म्हणालास, "बसव." मी बसवला. तू बोट लावून बघितलंस.

"किती टाइट केलंस?"

"फुल टाइट."

"फुल म्हंजे किती? ह्यो काय पाण्याचो नळ आसा?" मग हसलास. "हे बघ मिल्या, बारक्या स्क्रूला दोन बोटांचा राग. मधल्या बोल्टाला मनगटाचा राग. चाकाच्या नटाला अख्ख्या खांद्याचा. त्याच्यापेक्षा जास्त रागावलास तर आटे जातात, कमी रागावलास तर माणूस जातो."

पाना कितीही महागाचा आणला, आकडे दाखवणारा आणला, तरी आजही माझा हात रागाच्याच मापात विचार करतो. हे तुझं पहिलं देणं.

दुसरं देणं म्हणजे ती दोन खुणांची पद्धत. तुझे वडील गिरणीत फिटर. साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणाऱ्याने खडूची एक रेघ मारायची आणि दुसऱ्याने स्वतः हात लावून बघून शेजारी दुसरी मारायची, असा त्यांच्या खात्यातला रिवाज. गिरणी गेली, साचे भंगारात गेले, रिवाज तेवढा तू उचलून आणलास. फक्त खडू तेलात टिकत नाही म्हणून नेलपॉलिश. जो बसवेल त्याची पांढरी खूण. जो तपासेल त्याची पिवळी. पिवळी कायम तुझी. एकाच हाताने दोन्ही खुणा करायच्या नाहीत, हा गॅरेजातला एकमेव कायदा होता. बाकी कामावर उशिरा आलं तरी तू शिवी देऊन विसरायचास.

पिवळं नेलपॉलिश सहज मिळत नाही. तू दादरला जाऊन आणायचास. तिथला दुकानदार एकदा म्हणाला होता, "काका, वहिनींना लाल, गुलाबी काही घ्या की, दरवेळी पिवळंच काय?" तू गंभीर तोंड करून म्हणाला होतास, "तिला नाय हो. मलाच लागतं." तो माणूस पुढच्या वेळेपासून तुला बाटली कागदात गुंडाळून द्यायला लागला. वहिनी ही गोष्ट सांगताना अजूनही पदर तोंडाला लावते. तेराव्यालाही लावला, पण या वेळी हसण्यासाठी की कशासाठी, कळलं नाही.

खूण म्हणजे नुसता ठिपका नव्हे. स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या पट्टीवर जाणारी एक सरळ रेघ. गाडीच्या हादऱ्याने स्क्रू फिरला, ढिला झाला, तर रेघ तुटलेली दिसते. रेघ सरळ असेल तर स्क्रू जसा बसवला तसाच आहे. इतकी साधी गोष्ट. तिच्यावरच पुढे सगळं अडकलं.

शर्यतीच्या गाड्यांचं वेड तुला कुठून लागलं ते मी कधी विचारलं नाही. मी आलो तेव्हा ते होतंच. आणि तेही साध्या शर्यतींचं नाही. वीस मिनिटांत निकाल लागतो त्याला तू "पोरांची धावाधाव" म्हणायचास. तुला हव्या असायच्या सहा तासांच्या, बारा तासांच्या, फ्रान्समधल्या त्या चोवीस तासांच्या. एकच गाडी, आलटूनपालटून दोन-तीन ड्रायव्हर, आणि मधूनमधून पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या थांब्यावर, येऊन पेट्रोल, टायर, डागडुजी. जून महिन्यातल्या त्या रविवारी तू दुपारपासून मोबाइल तेलाच्या डब्याला टेकवून ठेवायचास आणि आपण दोघं शेवटचे काही तास बघायचो. तुमच्याकडचे वडे, माझ्याकडचा बोंबलाचा डबा. आणि भांडण.

भांडण नियमांवरून. एका वर्षी एक गाडी जवळजवळ पूर्ण वेळ पुढे राहिली, शेवटच्या फेरीत आजारी पडली, रांगत आली, पण ठरलेल्या वेळेत रेषेवर पोचली नाही म्हणून निकालाच्या यादीतच नाही. मी तावातावाने बोललो होतो.

"हा कसला नियम, दादा? तेवीस तास त्या पोरांनी रक्त आटवलं!"

"आटवलं की. पण पोचायचं होतं ना रे."

"पुढे होते ते!"

"पुढे असणं वेगळं, पोचणं वेगळं."

आणि ते वजनाचं प्रकरण. जी गाडी जास्त जिंकते तिच्यात पुढच्या शर्यतीला वजन टाकतात, म्हणजे इतरांना संधी. मला ते अन्यायाचं वाटायचं. तू वडा तोंडात धरून म्हणाला होतास, "म्हंजे पयल्या नंबराच्या पोराच्या दप्तरात वीट." मग स्वतःच्याच विनोदावर ठसका लागेपर्यंत हसलास. पण तू नियमाच्याच बाजूने होतास. "विटेशिवाय काय होईल सांगू? ज्याच्या बापाकडे जास्त, तो पुढे. आपल्यासारख्यांची गाडी मग गेटाबाहेर. मिल्या, नियम गरिबाच्या कामाचे असतात. श्रीमंताला त्यांच्याशिवाय पण चालतं."

मी त्यावर म्हणालो होतो की नियमाने माणसाचा हेतू बघावा. चुकून झालं आणि मुद्दाम केलं, दोन्हीला एकच शिक्षा कशी? तू म्हणालास, "गाडीला हेतू नसतो. ती मोजता येते, एवढंच. हेतू मोजायला माणूस लागतो, आणि माणूस विकत मिळतो." मी म्हटलं, "सगळे नाही मिळत." तू म्हणालास, "बघू." ते भांडण तिथेच राहिलं. संपवायला आपल्याला नऊ वर्षं होती, आणि मी दरवेळी विषय बदलला.

आता ती शर्यत.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो, तू कंटाळू नकोस. सहा तासांची शर्यत, दक्षिणेतल्या ट्रॅकवर. गाडी एका हौशी शेठची, इंजिन तुझं. त्या वर्गात नियम असा की इंजिनात जाणारी सगळी हवा एका ठरावीक मापाच्या कडीतूनच गेली पाहिजे. इंजिन लाखाचं असो की कोटीचं, श्वास सारखाच. कडीला सील. कडीच्या मागून दुसरीकडून हवा शिरली तर ती चोरीची हवा. गाडीला जोर येतो आणि गाडी बाद होते. कडीपासून इंजिनापर्यंत एक जाड रबरी पाइप असतो, दोन्ही टोकांना क्लॅम्प, म्हणजे स्क्रूने आवळायची पट्टी.

पाच तास झाले होते. आपली गाडी पहिली होती, दुसरी पाऊण फेरी मागे. पंचवीस वर्षांत तुझं इंजिन एकदाही पहिलं आलं नव्हतं. ड्रायव्हर रेडिओवर म्हणाला, इंजिन अडखळतंय. गाडी आत आली. तू बॉनेट उघडलंस, पाइपवरून बोट फिरवलंस आणि म्हणालास, "चिरून आत दबलाय. बदल." सीलच्या जवळचं काम म्हणून तिथल्या मार्शलने, देखरेखीच्या माणसाने, तुला कागदावर लिहून सही द्यायला बोलावलं. तू पाच-सहा पावलांवर होतास. पाठमोरा.

मी पाइप काढला, नवीन चढवला. पहिला क्लॅम्प बसला. दुसऱ्याचा स्क्रू गरम, हात घामाचे, पेचकस निसटला आणि अंगठा एक्झॉस्टला चिकटला. शेठ मागून ओरडत होता, "मिलिंद, फास्ट! अरे फास्ट!" मी परत पेचकस लावला. स्क्रू फिरत होता. अजून दोन पीळ बसले असते. हे मला तेव्हाच कळलं होतं, दादा, नंतर नाही. हाताला कळतं. तूच शिकवलं होतंस. दोन बोटांचा राग पुरा झालेला नव्हता.

मी पांढरी खूण केली. पिवळ्याची बाटली तुझ्या ट्रेमध्ये होती. तुला हाक मारायला दोन सेकंद, तू येऊन बोट लावायला दहा, आणि तू नक्की म्हणाला असतास, "अजून दोन पीळ," त्याला वीस. हा हिशोब मी केला. मग बाटली उचलली, पिवळी रेघ ओढली आणि गाडीसमोर पाटी धरून उभ्या असलेल्या माणसाला ओरडलो, "दोन्ही झाल्या!" त्याने पाटी उचलली. गाडी गेली.

इथवर एखादा म्हणेल, घाई. चूक. पण पुढचं ऐक. दोन फेऱ्यांनी ड्रायव्हर रेडिओवर ओरडला, "अरे, अब तो उड़ रही है!" शेठने मला मिठी मारली. तू एकटा कपाळाला आठी घालून घड्याळ बघत होतास. माझ्याकडे आलास.

"एवढी कशी पळते रे?"

"नवीन पाइप ना, दादा."

तू मान हलवलीस. तुझा माझ्यावर विश्वास होता. आणि मला माहीत होतं की पाइपच्या टोकाशी चोरीची हवा शिरतेय. पन्नास मिनिटं होती माझ्याकडे. एक वाक्य बोललो असतो तर गाडी आत आली असती, दोन पीळ मारले असते, आपण दुसरे आलो असतो. मी पाणी प्यायलो आणि टायर मोजत बसलो. चूक वीस सेकंदांची होती. पन्नास मिनिटांचं जे केलं त्याला मी दुसरा शब्द वापरतो.

शर्यत संपली. आपण पहिले आलो. तू रडलास, आणि डोळ्यात तेल गेलं म्हणालास.

मग तपासणी. जिंकलेल्या गाडीची कडी सपाट पत्र्याने बंद करतात. हवा बंद, इंजिनाने तिथल्या तिथे मरायला हवं. तपासनीस, पांढऱ्या टोपीचे वयस्क गृहस्थ, तुला चांगले ओळखत होते. पुढच्या हंगामापासून त्यांच्याबरोबर तपासनीस म्हणून काम करण्याचं पत्र तुला त्याच सकाळी मिळालं होतं. तू ते शर्टाच्या खिशात घडी करून ठेवलं होतंस, मला दोनदा दाखवलं होतंस. त्यांनी पत्रा दाबला. इंजिन खोकलं, थरथरलं आणि चालूच राहिलं. त्यांनी परत दाबला. परत चालू.

"परब, हे मरत नाही."

"दिसतंय, साहेब."

त्यांनी टॉर्च घेतली आणि एकेक सांधा बघितला. शेवटच्या क्लॅम्पवर थांबले. पट्टी हाताने हलत होती. रेघ मात्र सरळ होती, अगदी सरळ. ते सावकाश म्हणाले, "हा धावताना ढिला झालेला नाही. ढिलाच ठेवून वर खूण केली आहे. पिवळी कोणाची?"

तू वाकून बघितलंस. बराच वेळ. मग सरळ उभा राहिलास आणि माझ्याकडे बघितलंस. माझ्या तोंडाकडे नाही, माझ्या अंगठ्याकडे. भाजलेल्या अंगठ्याच्या कडेला पिवळं नेलपॉलिश वाळून घट्ट बसलं होतं.

"माझी," तू म्हणालास.

"म्हणजे मुद्दाम?"

"पिवळी माझी असते, साहेब. एवढं लिहा."

त्यांनी लिहिलं. माझं तोंड उघडं होतं, आवाज आला नाही. नंतर नऊ वर्षं आला नाही.

गाडी बाद. जिंकणं गेलं. 'हेतुपुरस्सर' हा शब्द निकालात छापून आला आणि तुला तीन वर्षं कुठल्याही पिटमध्ये पाऊल टाकायला बंदी. खिशातलं पत्र रद्द. परतताना ट्रकच्या केबिनमध्ये आपण दोघं शेजारी बसलो होतो. हुबळीच्या अलीकडे तू पहिलं वाक्य बोललास.

"अंगठ्याक मलम लाव."

मी लावलं.

हे का केलंस, हे मला महिन्याभराने कळलं, किंवा कळलं असं मी धरून चाललो. माझी आयटीआयमध्ये निदेशकाच्या जागेसाठी मुलाखत होती. अर्ज तूच आणला होतास, तूच भरला होतास, माझ्याकडून फक्त सही घेतली होतीस. "गॅरेजात किती दिवस माझ्या शिव्या खाणार? जा, पोरांना शिकव." माझं नाव त्या निकालात आलं असतं तर ती जागा मला मिळाली नसती. मला मिळाली. आज माझं घर, मुलाचं शिक्षण, आईचं म्हातारपण त्या जागेवर उभं आहे. आणि वर्गात दरवर्षी मी पोरांना दोन खुणांची पद्धत शिकवतो. एकाच हाताने दोन्ही खुणा करायच्या नाहीत, असं फळ्यावर लिहितो. तेव्हा पाठ वर्गाकडे असते, हे बरं आहे.

कधी वाटतं, तू मला वाचवायला बोललाच नव्हतास. तुझ्या लेखी ते खरंच होतं. पिवळी म्हणजे शेवटी बघणाऱ्याची जबाबदारी, आणि तू बघितलं नव्हतंस. इंजिनाचा प्रमुख तू. नियमाप्रमाणे चूक तुझीच. तू नियमाच्या बाजूचा माणूस, स्वतःवर वेळ आली तेव्हा तरी बाजू कशी बदलणार? पण मग तू अंगठ्याकडे का बघितलंस? आणि बघून त्या साहेबांना का सांगितलं नाहीस? हे तुला विचारायचं राहिलं.

या सगळ्याची झळ खरी लागली ती मानसीला. ती तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. कॉलेजच्या पोरांनी मिळून छोटी रेसकार बनवायची, स्पर्धेत न्यायची, असा त्यांचा गट. ती त्यात एकुलती एक मुलगी. तिच्या गटातल्या कोणीतरी तो निकाल मोबाइलवर फिरवला. एकजण तिला म्हणाला, "तुझ्या बाबांना विचार ना, हवा कुठून मारायची." तिने गट सोडला. घरी येऊन तुला एकच प्रश्न विचारला, मी तिथे होतो, चहाचा कप हातात.

"बाबा, खूण तुमची होती का?"

"होय."

ती उठून गॅलरीत गेली. त्यानंतर घरात शर्यतीचा विषय निघाला नाही. जूनमधल्या त्या रविवारी तू मोबाइल घेऊन बसलास की ती दादरला मैत्रिणीकडे जायची. तू तिच्या चपलांचा आवाज जिन्यावरून खाली जाईपर्यंत थांबायचास आणि मग आवाज मोठा करायचास. मी बाजूला बसलेला असायचो. दादा, मी बाजूलाच बसलेला असायचो!

तरीही तू माझ्याशी एकदाही वाकडं वागला नाहीस. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त लिहायची आहे, कारण ती सगळ्यात अवघड आहे. चौदा एप्रिलला तू गॅरेज बंद ठेवायचास ते तसंच ठेवत राहिलास. समोरच्या गोदामाच्या मुकादमाने एकदा विचारलं, "परब, आज कसली सुट्टी?" तर तू म्हणालास, "माझ्या अर्ध्या गॅरेजची दिवाळी." आणि पांढरा सदरा घालून वरळीला आमच्याकडे जेवायला यायचास, आईच्या हातचं मटण खाऊन तिला म्हणायचास, "माऊली, तुझो झील इंजिन बरा करता, पण जेवण तुझ्यासारखा नाय." आई ते वर्षभर शेजारणींना सांगायची. त्या नऊ वर्षांतही आलास. प्रत्येक वर्षी. नोकरी लागली तेव्हा पहिल्या दिवशी आयटीआयच्या गेटपर्यंत सोडायला आलास आणि मुलाला शाळेत सोडल्यासारखा तिथेच उभा राहिलास. मी म्हटलं, "जा आता, लोक बघतायत." तू म्हणालास, "बघूंदेत. माझो माणूस सायब झालो."

मी दोनदा सांगायचा प्रयत्न केला. एकदा तुमच्याकडे गणपतीत, जेवणाच्या पंगतीत तुझ्या शेजारी बसलो होतो. म्हटलं, "दादा, त्या दिवशी ट्रॅकवर..." तू माझ्या पानावर भात वाढलास. "आधी जेव." दुसऱ्यांदा गॅरेजात. तू इंजिनात वाकलेला होतास, वर न बघता म्हणालास, "तेरा नंबर दे." मी तेरा नंबरचा पाना दिला. तू मला थांबवलंस की मीच थांबायचं निमित्त शोधत होतो? खरं सांगायचं तर पाना देताना मला हायसं वाटलं होतं.

शेवटच्या महिन्यात तू परळच्या हॉस्पिटलात होतास. संध्याकाळी ड्युटी संपवून मी येऊन बसायचो. मोसंबी सोलायचो, तू खायचा नाहीस, वहिनी खायची. एका संध्याकाळी वहिनी खाली औषध आणायला गेली होती. तू डोळे मिटून पडला होतास. मला वाटलं झोपलास. मग तू म्हणालास,

"गरम रबरावर क्लॅम्प दोन पीळ कमीच बसता. कोणी पण बसवलो तरी."

मी सोलणं थांबवलं.

दोन पीळ. एक नाही, तीन नाही. त्या दिवशी तपासणीनंतर सगळे निघून गेल्यावर तू एकटा गाडीपाशी राहिला होतास. तेव्हा तू तो स्क्रू फिरवून मोजला असणार. म्हणजे तुला माझ्या अंगठ्यावरून फक्त हात कोणाचा ते कळलं नव्हतं. काय झालं, किती झालं, सगळं कळलं होतं. आणि नऊ वर्षं सांभाळून ठेवून शेवटी तू ते मला परत दिलंस, तेही माझी बाजू घेऊन. रबराला दोष देऊन. हेतू बघू नये म्हणणारा तू, माझा हेतू बघितलास. आपलं ते भांडण तू हरलास, दादा, आणि मला जिंकल्याचा काडीचाही आनंद नाही.

मी तेव्हाही बोललो नाही. तुझा हात हातात घेतला. तू तो काढून घेतला नाहीस. मग वहिनी आली आणि म्हणाली, "काय गप्पा चालल्यात दोघांच्या?" तू म्हणालास, "गाडीच्या."

तेराव्याला लोक बरेच आले होते. शेठ आला, जुने ड्रायव्हर आले. ते तपासनीस साहेबही काठी टेकत आले, फोटोला हार घातला आणि मला म्हणाले, "असा एंजिनवाला परत होणार नाही. त्या एका दिवशी त्याने असं का केलं, मला कधी समजलं नाही." मी त्यांना खुर्ची पुढे केली. मानसी पुण्याहून आलेली, तिथे ती गाड्यांचे ब्रेक तपासते. तुझंच काम, दुसऱ्या नावाने. पंगत उठल्यावर ती माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, "काका, एक सांगू? मी बाबांवर किती वर्षं राग धरला. आयुष्यात एकदाच त्यांनी चूक केली आणि लगेच कबूल पण केली. किती माणसं कबूल करतात? हॉस्पिटलात मी त्यांना सांगितलं, बाबा, मी ते सोडून दिलंय. ते नुसते हसले."

तुझ्या मुलीने तुला माफ केलं, आणि माफ करण्यासारखं तू काही केलंच नव्हतंस. आणि तू तिची ती माफी घेतलीस, हसून. तेव्हा जर तू म्हणाला असतास, 'खूण मिल्याची होती', तर तुला तुझी मुलगी पुरी परत मिळाली असती. ते तू मला दिलंस. मी कोणाकडून इतकं घेतलेलं नाही. कोणी मला इतकं दिलेलं नाही. आभार हा शब्द तुला चालला नसता, तू शिवी दिली असतीस. तरी लिहितो. आभारी आहे, दादा. रागाच्या मापासाठी, गेटापर्यंत सोडायला आलास त्यासाठी, पानावर वाढलेल्या भातासाठी, आणि नऊ वर्षं माझ्या शेजारी बसून माझं तोंड उघडायची वाट बघितलीस त्यासाठी.

शर्यतीच्या समितीला मी पत्र लिहिलं आहे. कोणी पाइप बसवला, कोणी खुणा केल्या, पन्नास मिनिटं कोण गप्प राहिलं, सगळं त्यात आहे, खाली माझी सही आणि आयटीआयचा पत्ता आहे. ते 'हेतुपुरस्सर' या शब्दाचं काय करतील ते त्यांच्या नियमावर. ते पत्र उद्या टपालात पडेल, त्याचं फारसं अवघड नाही.

मानसी रविवारपर्यंत लालबागला आहे. हा मजकूर छापायला देण्याआधी मला तिच्यासमोर बसून, वहिनीच्या देखत, हे तोंडाने सांगायचं आहे. तिने हे अंकात वाचावं असं व्हायला नको. ती मला काय म्हणेल ते मला माहीत नाही, आणि तिने काही म्हणू नये अशी अपेक्षाही मी ठेवत नाही. तुझ्या मुलीला तिचा बाप परत देणं, एवढं माझ्याकडून राहिलं आहे. अजून दिलेलं नाही.